वेबसाइट सुरू झाली, ऑर्डर मात्र नाही: देवगडच्या एका बागायतदार ताईंना उत्तर

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. देवगड तालुक्यात तुमची घरची हापूसची बाग आहे. पंधरा वर्षं पुण्या-मुंबईच्या ओळखीच्या घरी तुमच्या पेट्या जातात. भाच्यानं दिवाळीत वर्डप्रेसवर, म्हणजे वेबसाइट बनवायच्या तयार सॉफ्टवेअरवर, वेबसाइट करून दिली. आता जानेवारी उजाडला, पण साइटवरून एकही ऑर्डर आलेली नाही. एक कंपनी दरमहा 15,000 रुपयांत तुम्हाला 'गूगलच्या पहिल्या पानावर' आणायला तयार आहे. ते पैसे द्यावेत का, आणि नाही दिले तर दुसरं काय करावं, असं तुम्ही विचारलंय.

पैसे देऊ नका. गूगलच्या शोधात अमुक क्रमांक मिळवून देण्याची हमी कुणीच देऊ शकत नाही, आणि हे गूगलनंच स्पष्ट लिहून ठेवलेलं आहे. अशा कंपन्या बहुतेक वेळा तुमच्या बागेचं नाव टाइप करून साइट पहिली आलेली दाखवतात. पण जगात त्या नावाची एकच बाग असेल तर ती पहिली येणारच. ज्याला तुमचं नाव ठाऊक नाही, तो 'देवगड हापूस पेटी पुणे' असं शोधतो, आणि तिथं वर यायला वेळ लागतो. एखाद्या साइटवर नीट काम सुरू केल्यापासून फरक दिसायला साधारण चार महिने ते एक वर्ष धरावं, असं गूगलचंच म्हणणं आहे. आज जानेवारी आहे. चार महिन्यांनी मे उजाडेल आणि तुमचा निम्मा आंबा उतरलेला असेल.

म्हणून माझा सल्ला असा की यंदाच्या हंगामात गूगलवर भिस्त ठेवू नका. यंदा साइटवर आणायचं ते तुमच्या जुन्या गिऱ्हाइकांना. गूगलवरून येणारी अनोळखी माणसं पुढच्या हंगामाची, त्यांच्यासाठी आत्ता फक्त पेरणी करायची. कोकणातल्या लहान व्यवसायांच्या साइट्स मी सोळा वर्षं सांभाळतोय. होमस्टे, काजू, मसाले आणि आंबा, सगळीकडे हाच क्रम कामी आला आहे.

पहिली गोष्ट आजच तपासा. गूगलमध्ये इंग्रजी अक्षरांत 'साइट' हा शब्द, त्याला चिकटून कोलन आणि लगेच तुमच्या वेबसाइटचा पत्ता टाइप करा, मध्ये जागा सोडू नका. तुमची पानं यादीत आली तर ठीक. काहीच आलं नाही तर भाच्याला वर्डप्रेसच्या सेटिंग्जमध्ये 'रीडिंग' या पानावर जायला सांगा. तिथं तळाशी एक चौकट असते, सर्च इंजिनांनी ही साइट नोंदवू नये अशा अर्थाची. साइट बांधताना ती टिक करून ठेवतात आणि सुरू झाल्यावर काढायची विसरतात. आठ-आठ महिने साइट या एका खुणेमुळे अदृश्य राहिलेली मी पाहिली आहे.

त्यानंतर गूगल सर्च कन्सोलवर साइटची नोंद करा. ते फुकट आहे. पानांची यादी म्हणजे साइटमॅप तिथं दिला की गूगलला तुमची पानं शोधायला सोपं जातं. पुढे याच ठिकाणी कळतं की लोकांनी नेमके कुठले शब्द टाइप केल्यावर तुमचं पान दिसलं. तीन महिन्यांनी ही यादी उघडाल तेव्हा बऱ्याच लोकांनी मराठी शब्द रोमन अक्षरांत लिहिलेले दिसतील. कुणी हापूस लिहितं, कुणी अल्फान्सो, कुणी नुसतं देवगड आंबा. पानाच्या मथळ्यात आणि मजकुरात ही सगळी नावं स्वाभाविकपणे यायला हवीत. एकाच ओळीत कोंबू नका, वाचणाऱ्यालाही ते खटकतं.

तुमची साइट मी पाहिली. एक मोठी अडचण लगेच दिसली. पहिल्या पानावरचा सगळा मराठी मजकूर चित्राच्या आत आहे. छापखान्यातून करून घेतलेलं जाहिरातीचं पत्रक तसंच वर चढवलंय. माणसाला ते वाचता येतं, पण गूगलच्या दृष्टीनं त्या पानावर जवळजवळ काहीच लिहिलेलं नाही. तो मजकूर युनिकोड मराठीत, म्हणजे मोबाइलवर टाइप होते तशा मराठीत, पुन्हा टाइप करून घ्या. छापखान्याच्या फायलीतून कॉपी करू नका. तिथं अजून जुने फॉन्ट वापरतात आणि साइटवर चिकटवल्यावर 'आंबा'च्या जागी भलतीच इंग्रजी अक्षरं उमटतात.

आता मजकूर काय लिहायचा, हा खरा प्रश्न. यासाठी लेखक शोधायची गरज नाही. एक दोनशे पानी वही घ्या आणि फोनजवळ ठेवा. हंगामात तुम्हाला जे प्रश्न येतात ते गिऱ्हाइकाच्याच शब्दांत लिहून काढा. पंधरा वर्षांतले अर्धेअधिक तर तुम्हाला आत्ताच पाठ असतील. पाच डझनाच्या आणि सहा डझनाच्या पेटीतला आंबा वेगळा असतो का? पेटी कच्ची येणार की तयार? घरी कागदात ठेवायचा की पेंढ्यात? फ्रीजमध्ये ठेवला तर चालेल का? पाडव्याला मिळेल का, की अक्षय तृतीयेपर्यंत थांबू? भाव कधी उतरेल? कापल्यावर साका (आतला पांढरट, स्पंजासारखा खराब गर) निघाला तर पैसे परत का?

या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तुम्ही फोनवर जसं देता तसंच साइटवर लिहा. साक्याचंच घ्या. आंब्याच्या व्यवसायातले बहुतेक जण साइटवर हा शब्दही काढत नाहीत, गिऱ्हाईक बिचकेल म्हणून. मी उलट सांगेन. साका म्हणजे काय, बाहेरून फळ चांगलं दिसूनही तो आत का असतो आणि तो ओळखता का येत नाही, हे लिहा. तुमच्या पेटीत निघाला तर फोटो पाठवा, आम्ही तेवढी फळं भरून देऊ, असं तुमचं जे धोरण असेल ते स्पष्ट मांडा. ज्यानं बाजारातून पेटी घेऊन चार फळं फेकली आहेत, त्या माणसासाठी असं एक पान शंभर 'अस्सल आणि नैसर्गिक' विशेषणांपेक्षा मोलाचं आहे. आणि तो माणूस गूगलवर नेमकं हेच शोधत असतो.

दुसरा मोठा प्रश्न म्हणजे 'हा देवगडचाच कशावरून?' दुसऱ्या राज्यातला आंबा देवगडच्या पेटीत भरून विकला जातो हे शहरातल्या गिऱ्हाइकाला ठाऊक आहे आणि त्याची शंका रास्त आहे. 2018 साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव लावता येतं. सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगड, ठाणे आणि पालघर हे त्यातले जिल्हे. त्याखाली बागायतदाराला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करता येते. तुमची झाली असेल तर प्रमाणपत्राचा फोटो आणि क्रमांक साइटवर ठळक लावा. झाली नसेल तर यंदा करून घ्या. सोबत बागेचा फोटो हवा, पण इंटरनेटवरून उचललेला कापलेल्या आंब्याचा नको. तुमच्या कलमांचा मोहोर, नूतन झेल्यानं (आंबे काढायच्या लांब दांड्याच्या जाळीनं) चाललेली तोड, आढीतली (पिकायला रचलेली) फळं, पेटी भरणारे हात, हे सगळं मोबाइलवर काढलेलं चालेल. फोटोखाली तारीख आणि वाडीचं नाव घाला.

पण हे फोटो वर चढवताना एक काळजी घ्या. मोबाइलचा फोटो चार-पाच एमबीचा असतो. तुमच्या पहिल्या पानावर असे सात आहेत. लोकलच्या गर्दीत उभ्या माणसाच्या फोनवर ते पान उघडेपर्यंत तो परत फिरतो. पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा असा गूगलचा निकष आहे. फोटो लहान करून प्रत्येकी दोनशे केबीच्या आत आणा. हे काम भाचा एका संध्याकाळी करेल.

आता जुनी गिऱ्हाइकं. तुमच्याकडे चारशे घरांचे नंबर आहेत म्हणालात. हीच तुमची सगळ्यात मोठी पुंजी आहे. जाहिरातीनं अशी माणसं मिळत नाहीत. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत एका वेळी 256 जण बसतात, म्हणजे दोन याद्या कराव्या लागतील. एक अट लक्षात ठेवा: ज्यांच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह आहे त्यांनाच ब्रॉडकास्ट पोचतो. म्हणून यंदा पहिली पेटी देताना प्रत्येकाला नंबर सेव्ह करायला सांगा. फेब्रुवारीत एक संदेश पाठवा: मोहोर कसा आहे, फळ किती धरलंय, पहिली तोड साधारण कधी. खाली साइटच्या नोंदणीच्या पानाचा दुवा. भाव ठरला की दुसरा संदेश, पाडव्याच्या आधी आठ दिवस. तिसरा मेच्या पहिल्या आठवड्यात. एवढे पुरेत. रोज सुप्रभात पाठवणाऱ्याचे संदेश लोक न वाचता पुसतात.

दुवा पाठवण्याआधी तो स्वतःला पाठवून बघा. व्हॉट्सॲपवर दुव्याच्या वर एक छोटं चित्र आणि मथळा दिसतो. तुमच्या साइटचा दुवा मी टाकून पाहिला तर तिथं वर्डप्रेस थीमच्या, म्हणजे साइटच्या तयार साच्याच्या, कंपनीचा लोगो आणि परदेशी ऑफिसचा फोटो येतोय. अनोळखी माणसाला ती फसवणूक वाटेल. भाच्याला म्हणावं, ओपन ग्राफचं (दुव्यासोबत दिसणारं) चित्र बदल आणि तिथं पेटीचा फोटो लाव. पानांचे पत्तेही रोमन अक्षरांत आणि छोटे ठेवायला सांगा. देवनागरी पत्ता कॉपी करून पाठवला की तो टक्क्याच्या चिन्हांची लांबलचक माळ होऊन जातो.

फोनवरच ऑर्डर द्यायची सवय असलेली गिऱ्हाइकं साइटवर का येतील, असं तुम्हाला वाटेल. सगळी येणार नाहीत, येऊ नयेतही. आजोबा फोन करतील तर त्यांची ऑर्डर फोनवरच घ्या. पण एक गट असा आहे ज्याला साइटची खरोखर गरज आहे: बाहेरगावी, परदेशी राहणारी मुलं. अमेरिकेतल्या मुलाला पुण्यातल्या आईवडिलांच्या घरी पेटी पाठवायची असते, आणि त्याच्या दिवसा तुमची मध्यरात्र असते. तुमचा फॉर्म भरून पाहिला. मोबाइल नंबर दहा अंकीच लागतो, म्हणजे परदेशातला नंबर तो घेतच नाही. पैसे देणाऱ्याचा आणि पेटी घेणाऱ्याचा पत्ता वेगळा लिहायची सोय नाही. पैसे फक्त यूपीआयनं. तो मुलगा तिथंच अडकतो. नंबराची अट सैल करा, दोन पत्ते घ्या आणि परदेशी कार्ड चालेल असा पर्याय तुमच्या पेमेंट सेवेकडून सुरू करून घ्या. परवानगीला दिवस लागतात, म्हणून अर्ज आत्ताच. त्याच फॉर्ममध्ये पिनकोडवरून तुम्ही तिथं पोचवता की नाही हे आधीच कळू दे. पैसे भरल्यावर 'तुमच्या भागात सेवा नाही' हे कळण्यासारखं वाईट काही नाही.

पेट्यांवर क्यूआर कोड छापायचं तुम्ही लिहिलंय. चांगली कल्पना आहे, कारण तुमची पेटी सोसायटीत पोचते तेव्हा शेजारी विचारतातच. फक्त कोड थेट तुमच्या साइटच्या पत्त्याचा बनवा. फुकट कोड बनवून देणाऱ्या काही सेवा मध्ये स्वतःचा पत्ता घालतात आणि मुदत संपली की पैसे मागतात. माझ्या एका गिऱ्हाइकानं दोन हजार खोकी छापली आणि हंगामाच्या मध्यावर कोड बंद पडला. कोड छापायला देण्याआधी तो उघडल्यावर कुठला पत्ता दिसतो ते दोन वेगळ्या फोनवर तपासा.

गूगल नकाशावरची नोंद, म्हणजे बिझनेस प्रोफाइल, हीसुद्धा फुकट आहे. ती करून देण्याचे पैसे मागणारा फोन आला तर ठेवून द्या. पडताळणीसाठी हल्ली बऱ्याचदा व्हिडिओ मागतात: रस्ता, पाटी, बाग, गोडाऊन असं एका दमात चित्रण. नावाच्या जागी बागेचं खरं नावच लिहा. 'सर्वोत्तम देवगड हापूस होलसेल' असली शेपटी जोडली तर नोंद गोठवली जाऊ शकते. गिऱ्हाइकांना अभिप्राय जरूर मागा, पण त्या बदल्यात सूट किंवा भेट देऊ नका, ते नियमाविरुद्ध आहे. तक्रारीचा अभिप्राय आला तर त्याच दिवशी शांतपणे उत्तर लिहा. पुढचा गिऱ्हाईक ते उत्तर वाचूनच ठरवतो.

आता सगळ्यात जिव्हाळ्याचं सांगतो, कारण यात मी माणसं रडताना पाहिली आहेत. वेबसाइटचं नाव, म्हणजे डोमेन, कुणाच्या नावावर आणि कुणाच्या ईमेलवर आहे? भाचा कितीही गुणी असला तरी ते तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलवर आणि तुमच्या मोबाइलवर हवं. काजू प्रक्रिया करणारे माझे एक गिऱ्हाईक होते. त्यांचं डोमेन साइट करणाऱ्यानं स्वतःच्या खात्यात घेतलेलं. तो नोकरीला परगावी गेला, नूतनीकरणाच्या सूचना त्याच्या जुन्या ईमेलवर येत राहिल्या, आणि एका सकाळी साइट गायब. काही आठवड्यांत ते नाव दुसऱ्या कुणीतरी घेतलं. सहा वर्षं पाकिटांवर छापलेला पत्ता भलत्याच जाहिरातींच्या पानावर जाऊ लागला. मी खूप धडपड केली, पण नाव परत मिळालं नाही. त्यांना सगळी पाकिटं नव्यानं छापावी लागली. तुम्ही डोमेन एकदम पाच वर्षांसाठी घेऊन टाका, खर्च फार नाही. डोमेन, होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा), वर्डप्रेस, गूगल खातं आणि पेमेंट सेवा, या पाचांची खाती, मुदतीच्या तारखा आणि कुणाकडे कुठला अधिकार आहे, हे एका कागदावर लिहून घराच्या कपाटात ठेवा. पासवर्ड वेगवेगळे आणि दुहेरी पडताळणी सुरू.

देखभालीचं काम महिन्यातून दोन तासांचं आहे, पण ते कुणाचं तरी ठरलेलं असायला हवं. वर्डप्रेस, थीम आणि प्लगइन (साइटला जोडलेल्या जादा सोयी) अद्ययावत करायचे. वापरात नसलेले प्लगइन नुसते बंद करून ठेवू नका, काढूनच टाका. साइट हॅक होते ती बहुतेक अशाच जुन्या प्लगइनमधून. अद्ययावत करण्याआधी बॅकअप घ्या, आणि तो होस्टिंगच्या बाहेर, तुमच्या संगणकावर किंवा ड्राइव्हवर असू दे. वर्षातून एकदा तो बॅकअप परत उघडून बघा. एप्रिल-मेमध्ये कुठलंही मोठं अपडेट करू नका, ते मार्चच्या आधी उरका. सुरक्षिततेचं प्रमाणपत्र बऱ्याच ठिकाणी नव्वद दिवसांचं असतं आणि आपोआप बदलतं. पण ते बदलणं मध्येच अडलं तर ब्राउझर तुमच्या साइटवर लाल इशारा दाखवतो, म्हणून तेही बघत राहा.

आणि हंगामात दर सोमवारी सकाळी दुसऱ्याच्या फोनवरून स्वतः एक ऑर्डर टाका. पैसे जातात का, संदेश येतो का, ईमेल तुमच्यापर्यंत पोचतो का. एका होमस्टेचा चौकशीचा फॉर्म अख्खा मे महिना व्यवस्थित दिसत होता, लोक भरत होते आणि सगळे ईमेल स्पॅममध्ये जाऊन पडत होते. मालकांना वाटलं, यंदा पर्यटकच नाहीत.

जाहिरातीचं थोडक्यात. यंदा करायचीच असेल तर एप्रिलच्या मध्यावर, फक्त पुणे आणि मुंबईसाठी, आठ दिवस, आणि गमावले तरी झोप उडणार नाही एवढ्याच पैशांत. खातं तुमच्या नावाचं. जाहिरातीतून येणारा माणूस थेट भाव लिहिलेल्या पानावर उतरला पाहिजे. इन्स्टाग्रामवर बागेचे व्हिडिओ टाकत राहा, तुमच्या सुनेचा हात त्यात चांगला आहे. प्रत्येक दुव्याला वेगळी खूण लावा म्हणजे ऑर्डर कुठून आली ते कळेल, आणि फोनवर आलेल्याला 'आमच्याबद्दल कुठून कळलं?' विचारून त्याच वहीत लिहा. किती लोक साइटवर आले या आकड्यात अडकू नका. किती जणांनी ऑर्डरचं बटण दाबलं आणि किती जण पैसे न भरता परत गेले, हे बघा.

कायद्याचं राहिलंच. आंबापोळी, मोरंबा, कोकम आगळ विकत असाल तर अन्न परवान्याचा चौदा अंकी क्रमांक साइटवर आणि पाकिटावर हवा. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याचं नाव, पत्ता आणि तक्रार कुणाकडे करायची त्या व्यक्तीचं नाव व संपर्क द्यावा लागतो. तक्रारीची पोच 48 तासांत द्यायची असते.

शेवटचं जूनचं. पहिला पाऊस पडला की बागायतदार साइट विसरतात, किंवा 'हापूस 2025' असं पानच काढून टाकतात आणि पुढच्या वर्षी नव्या पत्त्यावर नवं पान करतात. वर्षभरात त्या पत्त्यानं गूगलकडे जी ओळख कमावली, ती तिथंच संपते. पानाच्या पत्त्यात वर्ष घालूच नका, एकच पान कायम ठेवा. हंगाम संपला की भावाच्या जागी लिहा: 'यंदाची तोड संपली. पुढच्या वर्षासाठी नाव नोंदवा.' खाली तीनच चौकटी ठेवा: नाव, व्हॉट्सॲप नंबर आणि किती डझन लागतील. पुढच्या फेब्रुवारीत तुमचा पहिला संदेश या यादीला जाईल. तोवर वहीत आणखी प्रश्न साठलेले असतील. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी त्यातल्या एकाचं उत्तर लिहून साइटवर टाका. पहिलं साक्याचं लिहा.